वैद्यकीय पथके परतल्यानंतर: विकसनशील देशांतील मुलांसाठीची धर्मादाय सेवा आणि देणगीदारांचे प्रश्न

वाटसरू

विकसनशील देशांतील मुलांवर विनामूल्य उपचार करणाऱ्या एखाद्या संस्थेला देणगी द्यावी असे मनात येते, तेव्हा बहुधा सर्वांत आधी समोर येतो तो एक आकडा: अमुक रकमेत एका मुलाची शस्त्रक्रिया. तो आकडा खोटा असतो असे मला म्हणायचे नाही. मात्र त्यात शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे काहीच दिसत नाही, आणि मूल खरोखर बरे होणार की नाही हे बरेचदा त्या न दिसणाऱ्या भागात ठरते, असे या विषयावरचे वाचन करताना मला सतत जाणवत आले आहे. म्हणून हा धागा काढत आहे.

दुभंगलेल्या ओठाचे आणि टाळूचे उदाहरण घेतो, कारण या क्षेत्रातले सर्वाधिक परिचित काम तेच आहे. १९८२ मध्ये बिल आणि कॅथी मॅगी हे अमेरिकी दांपत्य वैद्यकीय पथकासोबत फिलिपाइन्सला गेले. जितक्या मुलांवर त्यांना शस्त्रक्रिया करता आली, त्याहून कितीतरी अधिक मुलांना परत पाठवावे लागले, आणि त्या अस्वस्थतेतून ‘ऑपरेशन स्माइल’ ही संस्था उभी राहिली. पथकाने जायचे, काही दिवसांत शक्य तितक्या शस्त्रक्रिया करायच्या आणि परत यायचे, ही पद्धत पुढे अनेक संस्थांनी स्वीकारली. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्माइल ट्रेन’ने वेगळी वाट धरली: आपली पथके पाठवण्याऐवजी त्या त्या देशातील शल्यचिकित्सकांना प्रशिक्षण द्यायचे आणि त्यांनी केलेल्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलायचा. ‘ऑपरेशन स्माइल’नेही नंतरच्या काळात स्थायी केंद्रे आणि स्थानिक प्रशिक्षण यांवर भर वाढवला, हे नोंदवणे न्याय्य ठरेल.

आता मुलाच्या बाजूने पाहू. टाळू दुभंगलेल्या बाळाला तोंडात पोकळी निर्माण करून दूध ओढता येत नाही, त्यामुळे जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच त्याची उपासमार सुरू होते. ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात आणि टाळूची वर्षाच्या आसपास केली जाते. परंतु तोवर बाळ जगले पाहिजे आणि भूल सहन करण्याइतके त्याचे वजन वाढले पाहिजे. म्हणजे पहिली गरज असते ती आईला बाळ कसे धरावे आणि दूध कसे पाजावे हे शिकवणाऱ्या व्यक्तीची. शस्त्रक्रियेनंतर वाचोपचार, म्हणजे स्पष्ट बोलायला शिकवणारे उपचार, लागतात, कानात पाणी साचून ऐकू कमी येत नाही ना हे तपासावे लागते, आणि दात व जबड्याची वाढ किशोरवयापर्यंत पाहावी लागते. चार दिवसांसाठी आलेल्या पथकाला यांपैकी फारच थोडे करता येते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये असा अंदाज मांडला होता की जगातील सुमारे ५ अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर उपलब्ध होत नाही. नंतरच्या एका अभ्यासानुसार त्यांत सुमारे १.७ अब्ज मुले आणि किशोरवयीन आहेत. इतक्या मोठ्या गरजेपुढे पथकांची संख्या वाढवत नेणे हे उत्तर असू शकत नाही. मग देणगीदाराने संस्थेला कोणते प्रश्न विचारावेत? या क्षेत्रात काम केलेल्यांनी किंवा त्याचा अभ्यास असलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पारिजात

विषय मांडल्याबद्दल आभार. मी भूलशास्त्र विभागात परिचारिका म्हणून काम केले आहे, त्यामुळे माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की शल्यचिकित्सक कोण आहे हे सांगितलेत, पण भूल कोण देणार आहे आणि रात्री मुलाजवळ कोण असणार आहे?

लहान मुलाच्या शरीरातील प्राणवायूचा साठा फार थोडा असतो. श्वास थांबला की मोठ्या माणसाच्या तुलनेत कितीतरी लवकर रक्तातील प्राणवायू घसरतो, आणि ओठ-नखे निळी पडलेली डोळ्यांना दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर ही घसरण आधीच दाखवतो. तरीही जगातील असंख्य शस्त्रक्रियागृहांत हे छोटे उपकरण नव्हते, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी २०११ मध्ये ‘लाइफबॉक्स’ ही संस्था स्थापन झाली. तिची मला आवडलेली गोष्ट म्हणजे उपकरणासोबत प्रशिक्षण देणे आणि शस्त्रक्रियेआधीची सुरक्षा-तपासणीची यादी रुजवणे हे तिने प्रारंभापासून कामाचाच भाग मानले.

शस्त्रक्रियेपुरतेच कशाला, न्यूमोनियाचेही तेच आहे. पापुआ न्यू गिनीतील पाच रुग्णालयांत पल्स ऑक्सिमीटर आणि हवेतून प्राणवायू वेगळा काढणारे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बसवले, कर्मचाऱ्यांना ते वापरायला आणि दुरुस्त ठेवायला शिकवले, आणि न्यूमोनियाने दाखल झालेल्या मुलांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी माझ्या प्रत्येक नव्या सहकाऱ्याला वाचायला सांगत असे. त्यात नवे औषध नाही आणि परदेशी तज्ज्ञांची फौजही नाही. मुलाला प्राणवायूची गरज आहे हे वेळेवर कळणे आणि तो प्राणवायू खात्रीने मिळणे, एवढ्या दोन गोष्टींनी हा फरक पडला.

निर्मोही

दोन्ही प्रतिपादने पटण्यासारखी आहेत, तरीही एक आक्षेप नोंदवतो. आज सहा वर्षांचे असलेले जे मूल दुभंगलेल्या ओठामुळे शाळेत जात नाही, त्याला आपण काय सांगणार? तुझ्या देशाची आरोग्यव्यवस्था उभी राहीपर्यंत थांब, असे? पथक चार दिवसांसाठी आले तरी त्या मुलाचे आयुष्य बदलते. व्यवस्थेच्या नावाखाली समोरच्या मुलाला मदत नाकारणे मला नैतिकदृष्ट्या मान्य होत नाही.

शोधयात्री

निर्मोही, तुमचा आक्षेप रास्त आहे, आणि समोरच्या मुलाला नाकारावे असे येथे कोणीच म्हटलेले नाही. प्रश्न असा आहे की समोरच्या मुलासाठी योग्य उपचार कोणता, हेसुद्धा ‘नंतर काय’ या विचाराशिवाय ठरत नाही. युगांडातील म्बाले येथील रुग्णालयाचे उदाहरण देतो. ते मला या संपूर्ण क्षेत्रातील सर्वाधिक शिकवणारे वाटते.

मेंदूतील द्रव साचून बाळाचे डोके मोठे होत जाते, त्या विकाराला हायड्रोसेफलस म्हणतात. त्यावरचा प्रचलित उपचार म्हणजे शंट: मेंदूतील पोकळीतून पोटापर्यंत त्वचेखालून जाणारी बारीक नळी. ती द्रव वाहून नेते आणि मूल वाचते. अडचण अशी की शंट तुंबतो, त्यात जंतुसंसर्ग होतो, मूल वाढते तसा तो अपुरा पडू शकतो. आणि बंद पडला तर काही तासांत किंवा दिवसांत शस्त्रक्रिया करावी लागते. शहरात राहणाऱ्या कुटुंबाला हे जमते. रुग्णालयापासून दोन दिवसांच्या अंतरावरील खेड्यात परतलेल्या कुटुंबासाठी मात्र तुंबलेला शंट म्हणजे बहुधा मुलाचा मृत्यूच. अशा ठिकाणी एखाद्या पथकाने येऊन शंट बसवले आणि ‘इतकी मुले वाचवली’ असा अहवाल दिला, तर तो अहवाल त्या दिवसापुरता खरा असेल. पुढच्या वर्षी तो खरा राहील याची हमी त्यात नसते.

अमेरिकी मेंदूशल्यचिकित्सक बेंजामिन वॉर्फ २००० साली सहकुटुंब युगांडात राहायला गेले आणि ‘क्युअर’ संस्थेच्या म्बाले येथील मुलांच्या रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षे काम केले. तेथे राहिल्यामुळेच त्यांना ही अडचण प्रत्यक्ष दिसली. त्यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने मेंदूतील पोकळीच्या तळाला छिद्र करून द्रवाला नवी वाट देण्याची शस्त्रक्रिया, आणि त्यासोबत द्रव निर्माण करणाऱ्या ऊतीचा काही भाग जाळण्याची क्रिया, अशी जोडपद्धत विकसित केली. ती यशस्वी झाल्यास शरीरात नळी राहत नाही, आणि बंद पडणारे असे काही मागे उरत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत युगांडातील १०० बाळांमध्ये शंट आणि ही पद्धत यांची तुलना झाली. वर्षभरानंतरच्या बौद्धिक विकासात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे शंटवरचे आजन्म अवलंबित्व टाळूनही मुलाचे नुकसान झाल्याचे दिसले नाही. आता ही पद्धत श्रीमंत देशांतील रुग्णालयांतही वापरली जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. म्बाले येथे येणाऱ्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळांचा विकार जन्मजात नव्हता. बहुतेकदा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात झालेल्या जंतुसंसर्गातून तो उद्भवला होता. तो संसर्ग नेमका कशाचा, याचा शोध अनेक वर्षे चालला आणि २०२० मध्ये पेनिबॅसिलस कुळातील एका जिवाणूकडे बोट दाखवणारे संशोधन प्रसिद्ध झाले. एका धर्मादाय रुग्णालयाने रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षे काळजीपूर्वक ठेवल्या, म्हणून ‘ही मुले आजारी का पडतात’ हा प्रश्न विचारता आला. येऊन-जाऊन काम करणाऱ्या पथकाला तो सुचला असता, तरी त्याचे उत्तर शोधता आले नसते.

अबोली

स्थायी रुग्णालयाचा विषय निघालाच आहे, तर कंबोडियातील कांथा बोफा रुग्णालयांविषयी लिहिते, कारण त्यांच्यावरून झालेला वाद आपल्या चर्चेला थेट लागू पडतो.

बीट रिख्नर हे झुरिचचे बालरोगतज्ज्ञ. १९७४-७५ मध्ये ते नॉम पेन्हच्या कांथा बोफा रुग्णालयात काम करत होते. ख्मेर रूज ही कम्युनिस्ट संघटना सत्तेवर आल्यावर त्यांना देश सोडावा लागला. राजे सिहानुक यांची लहान मुलगी कांथा बोफा हिचा रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला होता, तिच्या नावाने हे रुग्णालय होते. युद्धानंतर सिहानुक यांनी विनंती केल्यावर रिख्नर परतले आणि १९९२ मध्ये रुग्णालय पुन्हा सुरू झाले. पुढे नॉम पेन्ह आणि सिएम रीप येथे मिळून अनेक रुग्णालये उभी राहिली. सर्व मुलांवरचे सर्व उपचार विनामूल्य, हा तेथील नियम आहे. निधीसाठी रिख्नर सिएम रीपमध्ये पर्यटकांसमोर चेलो वाजवत, आणि कार्यक्रमाच्या शेवटी वयस्कांकडे पैसे व तरुणांकडे रक्त मागत.

त्यांच्यावर टीका झाली ती आंतरराष्ट्रीय आरोग्य-वर्तुळातून. गरीब देशाच्या मानाने ही सेवा महाग आहे, ती सरकारी व्यवस्थेला समांतर आहे, सर्व भार एका व्यक्तीच्या निधी गोळा करण्याच्या क्षमतेवर आहे, आणि हाच पैसा गावपातळीवरील प्राथमिक सेवेत अधिक मुले वाचवेल, असे टीकाकारांचे म्हणणे होते. रिख्नर यांचे उत्तर तितकेच ठाम होते: गरिबांसाठी गरीब दर्जाचे वैद्यकशास्त्र हे तत्त्वच त्यांना अमान्य होते. सीटी स्कॅन यंत्र ही चैन असल्याचे म्हटले गेले, तेव्हा क्षयरोगाचे निदान करण्यासाठी ते आवश्यक असल्याचे त्यांनी सांगितले.

माझे मत असे आहे की टीकाकारांची चिंता खरी होती, परंतु त्यांनी एका गोष्टीला पुरेसे महत्त्व दिले नाही. रिख्नर यांनी कंबोडियन डॉक्टर आणि परिचारिका यांना जगण्यापुरते नियमित वेतन दिले. जेथे सरकारी पगारात घर चालत नाही, तेथे कर्मचारी दुपारनंतर खासगी व्यवसाय करतात किंवा रुग्णाच्या नातेवाइकांकडे पैसे मागतात. त्यांना दोष देण्यापूर्वी त्यांच्या पगाराकडे पाहावे. वेतन मिळाले म्हणून कर्मचारी टिकले, आणि ते टिकले म्हणून २०१८ मध्ये रिख्नर यांच्या निधनानंतरही रुग्णालये चालू राहिली. अंकोरच्या मंदिरांच्या प्रवेशशुल्कातून प्रत्येक तिकिटामागे २ डॉलर या रुग्णालयांना देण्याची व्यवस्थाही झाली. एका व्यक्तीवर अवलंबून असलेली संस्था देशाच्या महसुलाशी काही अंशी का होईना जोडली गेली, हे मला फार मोलाचे वाटते.

निर्मोही

वेतनाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. देणगीदार बहुधा इमारत, यंत्र किंवा शस्त्रक्रिया यांसाठी पैसे देतात. परिचारिकेच्या मासिक पगारासाठी दिलेल्या देणगीवर कोणाचे नाव कोरता येत नाही. संस्थांनी ‘प्रशासकीय खर्च अत्यल्प’ अशी जाहिरात करण्यामागेही देणगीदारांची हीच मनोवृत्ती असावी.

ऋतुगंध

आतापर्यंतची सारी चर्चा रुग्णालयाच्या आतली आहे. जगात पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू १९९० मध्ये वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास होते, ते २०२२ मध्ये सुमारे ४९ लाखांवर आले. ही घट मोठ्या शस्त्रक्रियांमुळे झालेली नाही. लसी, मच्छरदाण्या, सुधारलेले पोषण, सुरक्षित बाळंतपण आणि जलसंजीवनी यांचा त्यात मोठा वाटा आहे.

जलसंजीवनीची हकीकत सर्वांना माहीत असावी असे वाटते. पटकीच्या जुलाबांतही आतड्यांची एक क्षमता शाबूत राहते: ग्लुकोजसोबत मीठ आले तर दोन्ही शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणीही शरीरात जाते. शास्त्रीय पाया १९६०च्या दशकात ढाका आणि कोलकाता येथील संशोधनातून तयार झाला होता, परंतु डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हा उपचार देता येईल यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटे तयार करून घेतली, द्रावण पिंपांमधून उपलब्ध केले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले.

त्या छावणीत उपचार आईच्या हातात गेला, आणि माझ्या दृष्टीने खरा बदल तोच आहे. बांगलादेशातील ‘ब्रॅक’ संस्थेने १९८०च्या दशकात घरोघरी जाऊन चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचे द्रावण कसे करायचे हे आयांना शिकवले आणि १ कोटी २० लाखांहून अधिक घरांपर्यंत ती पोहोचली. शिकवणाऱ्या स्त्रियांचे मानधन किती घरांना भेट दिली यावर ठरत नव्हते. काही दिवसांनी दुसरी व्यक्ती जाऊन आईला किती आठवते आणि तिने केलेले द्रावण बरोबर आहे का हे तपासत असे, आणि त्यावरून मानधन ठरे. वाटसरू यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला या पद्धतीत दिसते: मोजमाप भेटीचे नको, भेटीनंतर जे टिकले त्याचे हवे.

याच वाटेने गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाला. तीव्र कुपोषणाच्या बाबतीतही असेच घडले. १९९६ मध्ये फ्रेंच पोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रिआँ यांनी शेंगदाणे, दूधभुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे यांचे तयार मिश्रण विकसित केले. त्यात पाणी मिसळावे लागत नाही, म्हणून ते घरी देता येते. २००५ च्या संकटात नायजरमध्ये ‘सीमाविरहित डॉक्टर’ संघटनेने ६० हजारांहून अधिक मुलांवर, बहुतांश घरीच ठेवून, उपचार केले. तितकी मुले रुग्णालयात दाखल करून घेणे कोणत्याही संस्थेला शक्य झाले नसते.

शोधयात्री

ऋतुगंध, प्रतिबंध आणि घरपोच उपचार यांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु साध्या, स्वस्त साधनाचे यश एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे जसेच्या तसे नेता येते, असा समज त्यातून होऊ नये. बबल सीपॅपचे उदाहरण याबाबतीत डोळे उघडणारे आहे.

श्वास घेताना थकलेल्या मुलाच्या नाकातून सौम्य दाबाने प्राणवायू द्यायचा आणि उच्छ्वासाच्या नळीचे टोक पाण्यात बुडवून तो दाब राखायचा, असे हे साधे तंत्र आहे. ढाक्यातील रुग्णालयात त्यासाठी शाम्पूची रिकामी बाटली वापरली गेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील चाचणीत न्यूमोनियाच्या मुलांमध्ये बबल सीपॅप मिळालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण ४ टक्के होते, तर नेहमीच्या मंद गतीच्या प्राणवायूच्या गटात १५ टक्के. पुढे मलावीतील एका जिल्हा रुग्णालयात अशीच चाचणी झाली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले: बबल सीपॅपच्या गटात १७ टक्के मृत्यू आणि मंद गतीच्या प्राणवायूच्या गटात ११ टक्के. तेथील मुले एचआयव्ही, कुपोषण यांसारख्या कारणांनी मुळात अधिक धोक्यातली होती, आणि ढाक्यात वॉर्डात डॉक्टर सतत उपस्थित असत तशी दैनंदिन देखरेख मलावीत नव्हती. फरकाचे संपूर्ण स्पष्टीकरण यातून मिळतेच असे नाही. परंतु तंत्राभोवतीची माणसे वेगळी असतील, तर तेच तंत्र हानीही करू शकते, एवढे मानावे लागेल. अशी चाचणी करून प्रतिकूल निष्कर्ष प्रामाणिकपणे प्रसिद्ध करणाऱ्यांविषयी मला अतिशय आदर वाटतो.

सावली

बालकर्करोगाविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये यासाठी एक उपक्रम सुरू केला आणि २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुले वाचावीत हे उद्दिष्ट ठेवले. औषधांचा खंडित पुरवठा ही मोठी अडचण आहे. त्यासाठी या संघटनेने आणि अमेरिकेतील सेंट ज्यूड रुग्णालयाने २०२१ मध्ये औषधे विनामूल्य पुरवण्याची योजना जाहीर केली.

परंतु औषध उपलब्ध असूनही मुले दगावतात, याचे एक मोठे कारण म्हणजे उपचार अर्धवट सुटणे. रक्ताच्या कर्करोगावरील उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिल्या काही आठवड्यांतच मूल खेळू लागते, आणि आईवडिलांपुढे प्रश्न उभा राहतो: घरी इतर मुले आहेत, शेती किंवा रोजंदारी बुडते आहे, भाड्याचे पैसे संपले आहेत, आणि मूल तर बरे दिसते आहे. या निर्णयाला अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्या कुटुंबाने घरातील सर्वांचा विचार करूनच तो घेतलेला असतो.

निकाराग्वातील मानाग्वा येथील ‘ला मास्कोता’ या मुलांच्या रुग्णालयाशी इटलीतील मोंझा येथील डॉक्टरांनी १९८६ मध्ये सहकार्य सुरू केले आणि ते दशकानुदशके टिकवले. अशा जोडरुग्णालयांच्या अनुभवातून एक गोष्ट पुनःपुन्हा पुढे आली: प्रवासखर्च, राहण्याची सोय, जेवण आणि न आलेल्या कुटुंबाचा त्याच आठवड्यात माग काढणारी व्यक्ती, एवढे दिले की उपचार अर्धवट सोडण्याचे प्रमाण स्पष्टपणे खाली येते. आईवडिलांना राहायला खोली देणे हा औषधोपचाराचाच भाग मानला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्रवेध

वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीत काम करतो, म्हणून भेट दिलेल्या यंत्रांविषयी थोडे. कमी साधनांच्या देशांतील रुग्णालयांत सुमारे ४० टक्के उपकरणे बंद अवस्थेत असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले होते. कारणे ऐकायला किरकोळ वाटतात: विजेचा दाब वेगळा, एकदाच वापरायचे सुटे भाग स्थानिक बाजारात मिळत नाहीत, माहितीपुस्तिका अपरिचित भाषेत, आणि दुरुस्त करणारा माणूस नेमलेलाच नाही. नवजात बाळांचा इन्क्युबेटर बंद पडल्यावर त्यात कागदपत्रे ठेवलेली मी स्वतः पाहिली आहेत. यंत्र देणाऱ्याने त्याच देणगीत काही वर्षांचे सुटे भाग आणि एका तंत्रज्ञाचे प्रशिक्षण यांची तरतूद केली नसेल, तर ते यंत्र न देणेच बरे. कारण नादुरुस्त यंत्र जागा अडवते आणि ‘आमच्याकडे सोय आहे’ असा कागदोपत्री आभास निर्माण करते.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. एक विषय जोडतो आणि एक प्रश्न विचारतो.

निधिसंकलनासाठी मुलांची शस्त्रक्रियेपूर्वीची छायाचित्रे वापरली जातात, त्यांविषयी मला तीव्र आक्षेप आहे. विनामूल्य उपचारांच्या आशेने आलेली आई संमतिपत्रावर सही करताना नकार देण्यास कितपत स्वतंत्र असते? ते मूल वीस वर्षांचे होईल, तेव्हा त्याचा चेहरा अनोळखी देशांतील पत्रकांवर असेल, आणि त्याला कोणी विचारलेले नसेल. जी संस्था अशा छायाचित्रांशिवाय निधी उभा करते, तिला मी प्राधान्य देईन.

आता प्रश्न. जन्मतः वाकड्या पावलांवर प्लास्टरने उपचार करणाऱ्या एका संस्थेचा विचार करत आहे. तिच्या अहवालात ‘उपचार सुरू केलेल्या मुलांची’ संख्या ठळकपणे दिली आहे. पारिजात, यासंदर्भात नेमके काय पाहावे?

पारिजात

उपचार सुरू केलेल्यांची संख्या ही अगदी पहिली पायरी आहे. साधारण हजारांत एका बाळाला हा विकार असतो. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला पाऊल थोडे थोडे सरळ करून नवे प्लास्टर घालतात. पाच-सहा प्लास्टरनंतर बहुतेक बाळांच्या टाचेमागील कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) एक छोटा छेद द्यावा लागतो. मलावी आणि युगांडात हे काम डॉक्टर नसलेल्या, परंतु उत्तम प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी यशस्वीपणे केले आहे, त्यामुळे अहवालात शल्यचिकित्सकांची नावे नसली तरी काळजी करू नका.

प्लास्टर संपल्यावर मात्र खरी परीक्षा सुरू होते. दोन बूट एका पट्टीने जोडलेला ब्रेस पहिले सुमारे तीन महिने जवळजवळ पूर्ण वेळ आणि पुढे चार वर्षांपर्यंत रोज झोपताना घालावा लागतो. पाऊल सरळ दिसते, बाळ रडते, शेजारीपाजारी विचारतात की आता हे कशाला; आणि ब्रेस बंद केला की पाऊल पुन्हा वळण्याची शक्यता फार वाढते. म्हणून संस्थेला पत्र लिहून विचारा की सुरुवात केलेल्यांपैकी किती मुले दुसऱ्या वर्षी आणि चौथ्या वर्षी ब्रेस वापरत होती, पाय वाढल्यावर पुढच्या मापाचे बूट विनामूल्य मिळतात का, आणि ठरलेल्या दिवशी मूल आले नाही तर त्या घरी कोण जाते. या शेवटच्या प्रश्नाला त्यांनी एखाद्या पदाचे नाव आणि त्या पदाचे वेतन कोणत्या निधीतून दिले जाते हे सांगितले, तर निःशंकपणे देणगी द्या, आणि शक्य असेल तर ती त्याच वेतनासाठी द्या.